वय सारखं, ताट वेगळं : लहान चणीच्या मुलांना खालच्या वयोगटात खेळू द्या

पावसाळा अर्ध्यावर आला की शाळाशाळांत क्रीडा स्पर्धांची धावपळ सुरू होते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट. मुलाला कोणत्या गटात टाकायचं हे ठरवायला एकच नोंद लागते, ती म्हणजे शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरमधली जन्मतारीख. तारीख पाहायची आणि गट लिहायचा. मुलाची उंची किती, अंगात बळ किती, तो वयात आला आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. तारीख सर्वांना सारखीच लागू होते, म्हणून या पद्धतीला समान संधी म्हटलं जातं.

आम्ही कुरखेडा तालुक्यात मुलांबरोबर काम करतो. मालेवाडा, पुराडा, कढोली, गेवर्धा या पट्ट्यातली मुलं तालुक्याच्या मैदानावर येतात तेव्हा एकाच गटात, एकाच रांगेत ओठांवर मिसरूड फुटलेला मुलगा आणि त्याच्या छातीपर्यंत येणारा मुलगा उभे असतात. कागदावर दोघांचं वय जवळपास सारखं असतं. चढाईला गेलेल्या लहानग्याला समोरचा एका हाताने उचलून बाहेर ठेवतो आणि मैदान हसतं. पुढच्या वर्षी तो मुलगा स्पर्धेला येत नाही. "त्याला आवड नाही" असा शेरा मारून विषय संपवला जातो.

आमची मागणी साधी आहे. ज्या मुलाची किंवा मुलीची वाढ वयाच्या मानाने मागे राहिली आहे, त्यांना शालेय स्पर्धांत एक वयोगट खाली खेळण्याची मुभा द्यावी. ही मुभा लेखी नियमाने मिळावी. कुणा शिक्षकाच्या मर्जीवर ती अवलंबून नसावी.

तीन वर्षांची दरी

आधी गटांचा हिशेब पाहू. चौदा वर्षांच्या गटातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा थेट सतरा वर्षांखालील गटात जातो. म्हणजे नुकतीच चौदा पूर्ण केलेला आणि सतराच्या उंबरठ्यावरचा अशी दोन मुलं आमनेसामने येतात. मधली तीन वर्षं साधी नसतात. याच काळात मुलांची उंची झपाट्याने वाढते, खांदे रुंदावतात, स्नायू भरतात. चाळिशीतल्या दोन माणसांत तीन वर्षांचं अंतर असलं तर काही फरक पडत नाही. वयात येण्याच्या काळात तेच अंतर सर्वकाही असतं.

त्यातही प्रत्येक मूल एकाच वेळी वयात येत नाही. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार जास्त निघाले, कारण तिथे गटाची तारीख १ जानेवारी होती. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा, म्हणून अंगाने मोठा, म्हणून निवडला गेलेला, म्हणून जास्त सराव मिळालेला. शेवटी लोक त्यालाच गुणवत्ता म्हणू लागले. अकरा महिन्यांनी एवढा फरक पडत असेल, तर तीन वर्षांनी किती पडेल?

आणि ती तारीख तरी किती खरी असते? आपल्या आईवडिलांच्या पिढीत अर्धं गाव जूनमध्ये जन्मलेलं आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली. आता दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे नोंदी सुधारल्या आहेत. तरीही ज्या कागदावर आपण मुलाचं सगळं भवितव्य ठेवतो, त्याचा इतिहास असा आहे हे विसरू नये.

शरीर मोजलं जातं, पण एकाच बाजूने

"खेळात शरीर मोजत बसलो तर स्पर्धा कशी होणार?" असं विचारणाऱ्यांनी आपल्याच मातीतले खेळ पाहावेत. गावच्या कुस्तीच्या फडात जोड लावताना पंच दोन्ही पैलवानांचं अंग पाहतात. जन्मदाखला कुणी मागत नाही. विजोड कुस्ती लावली तर लोक ओरडतात. जोड बरोबरीची असली तरच कुस्तीला अर्थ आहे, ही समज आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या आहे.

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कोणत्या गटात खेळले? बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात. वजनगट नसते तर खाशाबांना शंभर किलोच्या मल्लासमोर उभं केलं असतं आणि भारताच्या इतिहासातून ते पदक गळालं असतं. आज कुणी म्हणतो का, की खाशाबांचं पदक सवलतीचं होतं?

कबड्डीत वजनाची मर्यादा असते. वरिष्ठ पुरुषांत ८५ किलो, महिलांत ७५ किलो, आणि लहान गटांसाठी त्याहून कमी. खो-खोच्या लहान गटांत वय, उंची आणि वजन यांची बेरीज करून निर्देशांक काढण्याची पद्धत महाराष्ट्राच्या मैदानांना जुनी ओळखीची आहे. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासतं. त्या चाचणीला टीडब्ल्यू-३ म्हणतात.

म्हणजे शरीर मोजण्याची साधनं आहेत, नियमही आहेत. पण ते सगळे एकाच दिशेने चालतात. वजन जास्त भरलं तर मुलगा बाहेर. निर्देशांक वाढला तर बाहेर. हाड पुढचं निघालं तर बाहेर. मोजमापाचा उपयोग फक्त कुणाला तरी वगळण्यासाठी होतो. हाडाचं वय तेरा निघालेल्या सोळा वर्षांच्या मुलाला मात्र कुणी म्हणत नाही की बाळा, तू तुझ्या अंगाच्या मुलांमध्ये खेळ. कबड्डीत वरची मर्यादा काठावर गाठलेला मुलगा आणि पस्तीस किलोचा मुलगा एकाच मैदानात उतरतात आणि नियम पाळला गेल्याचं समाधान सर्वांना मिळतं. मोठ्याला थांबवणारा नियम आहे, लहानाला सामावून घेणारा नियम नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

ही लहान चण येते कुठून?

काही मुलं आईवडिलांवर जातात, काही उशिरा वयात येतात. हे निसर्गाचं आहे आणि ते जगभर आहे. पण आमच्या भागात एवढंच सांगून थांबणं म्हणजे सत्यावर पांघरूण घालणं होईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी आहेत. देशपातळीवर हे प्रमाण अनुसूचित जमातींत सुमारे ४१ टक्के आणि अनुसूचित जातींत सुमारे ३९ टक्के आहे. इतर समाजांत ते कमी होत जातं. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या आईच्या पोटी कमी वजनाचं बाळ येतं, ते बाळ अर्धपोटी वाढतं आणि बारा-तेरा वर्षांनी आपण त्याला शिट्टी वाजवून मैदानात सोडतो.

त्यात आमच्या जिल्ह्यांचे आजार. सिकलसेल गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड, माडिया, परधान समाजांत आहे, तसाच तो आम्हा बौद्धांच्या घरांतही आहे. सिकलसेलग्रस्त मुलाची वाढ मंदावते, ते उशिरा वयात येतं. अशा मुलाला कोणताही खेळ देण्याआधी डॉक्टरचा सल्ला हवाच, कारण अतिश्रम त्याच्या जिवावर बेतू शकतात. गडचिरोली जिल्हा मलेरियाचा मोठा भार वाहतो, आणि वारंवार येणारा मलेरिया मुलांच्या अंगातलं रक्त ओढून नेतो.

आता शासनाचं वागणं पाहा. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं देण्याचा निर्णय घेतला. अंड्याला काही धार्मिक गटांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवण्यात आला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगण्यात आलं. ज्या गावात लोकांच्याच घरी अंडं नाही, तिथे कोणाचा सहभाग मागणार? पोषणमान उंचावणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं संविधानाचं ४७ वं कलम सांगतं. ते कर्तव्य शासनाने पार पाडलं नाही, म्हणून मुलाची उंची खुंटली. मग त्याच खुंटलेल्या मुलाला शासनाच्याच स्पर्धेत "नियम सर्वांना सारखा" असं ऐकवायचं!

तालुक्याच्या पुढे गेलं की दरी आणखी रुंदावते. आमचा संघ जिल्हा जिंकून नागपूर विभागात गेला की समोर शहरातल्या शाळेचा संघ असतो. दोन्हीकडे वय सतराखालीच. एकीकडे दूध, अंडी, प्रशिक्षक आणि मॅट. दुसरीकडे वरण-भात आणि मुरूम टाकलेलं मैदान. तिथे वयाचा दाखला फक्त एवढंच सांगतो की दोघं एकाच वर्षी जन्मले. त्यानंतर दोघांच्या ताटात काय पडलं, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

बाबासाहेबांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे

१९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेब समतेवरच्या आक्षेपाला उत्तर देतात. माणसं समान नसतात, मग त्यांना समान का वागवायचं, हा तो आक्षेप. बाबासाहेब म्हणतात की माणसाची ताकद तीन गोष्टींवर ठरते. एक, जन्मतः मिळालेलं शरीर. दोन, समाजाकडून आणि घराकडून मिळालेला वारसा, म्हणजे संगोपन, शिक्षण, साधनं. तीन, त्याचे स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांच्या बाबतीत फरक केला तर समजू शकतं. पण पहिल्या दोन गोष्टींतल्या फरकावर शर्यत लावली, तर त्यात निवडले जाणारे लायक नसतात, सुस्थितीतले असतात.

शर्यतीचा हा दाखला त्यांनी समाजव्यवस्थेसाठी दिला. आम्ही तो शब्दशः मैदानावर नेत आहोत. आमचा चौदा वर्षांचा मुलगा हरतो तेव्हा त्याचे प्रयत्न हरतात की त्याचं बालपणीचं ताट हरतं? हे कळायचं असेल तर आधी पहिल्या दोन गोष्टी शक्य तेवढ्या बरोबरीत आणाव्या लागतील. त्यानंतर जो जिंकेल त्याला आम्ही सर्वात आधी टाळ्या वाजवू.

आपल्या संविधानातल्या समतेचा अर्थही हाच आहे. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने १५(४) हे कलम आलं. १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की मागासांसाठीची विशेष तरतूद हा समतेला दिलेला अपवाद नसून समता प्रत्यक्षात आणण्याचाच मार्ग आहे. शाळा-कॉलेजात, नोकरीत हे तत्त्व चालतं, तर मैदानाच्या चुन्याच्या रेषेजवळ ते का थांबावं? एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. ही मुभा आम्ही जातीवर मागत नाही, शरीरावर मागतो. कुणब्याचं, तेल्याचं, ब्राह्मणाचं लेकरू लहान चणीचं असेल तर त्यालाही ती मिळावी. दलित-आदिवासी मुलांना तिचा लाभ जास्त होईल, कारण उपासमार जात पाहून वाटली गेली आहे.

आणि हा नुसता करमणुकीचा प्रश्न नाही. क्रीडा प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तेराव्या वर्षी मैदान सोडलेल्या मुलासाठी हा दरवाजा कायमचा बंद होतो. खेळाच्या मैदानात फक्त गुणवत्ता पाहतात, असं म्हणणाऱ्यांना आम्ही पळवणकर बाळूंची आठवण करून देतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. मैदान समाजाच्या बाहेर नसतं.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप गैरवापराचा. जिंकण्यासाठी शाळा तगड्या मुलांना खाली उतरवतील. यावर उपाय आहे. मुभा फक्त एक गट खालची असावी, एका संघात अशी दोनच मुलं असावीत आणि मोजमाप शाळेने करू नये.

दुसरा आक्षेप आम्हाला जास्त गंभीर वाटतो. वजनावर मुभा दिली तर मुलं उपाशी राहून वजन घटवतील. कबड्डी-कुस्तीच्या वजनकाट्याआधी पोरं जेवण सोडतात, स्वेटर घालून पळतात, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून मुख्य कसोटी उंचीची ठेवावी. उपाशी राहून उंची कमी होत नाही. आणि मोजमाप स्पर्धेच्या सकाळी न करता काही महिने आधीच्या आरोग्य तपासणीतलं धरावं.

तिसरा आक्षेप : खालच्या गटातल्या मुलांवर अन्याय होईल. लहान चणीचा असला तरी पंधरा वर्षांच्या मुलाला अनुभव जास्त असतो. हे खरं आहे, म्हणूनच दोन मुलांची मर्यादा हवी. पण आजची व्यवस्थाही कुणावर तरी अन्याय करतेच. फरक इतकाच की आजचा अन्याय सर्वात दुबळ्या मुलावर होतो आणि तो कुणाला दिसत नाही.

चौथा आक्षेप : मूल खजील होईल. "खालच्या गटातला" म्हणून चिडवलं जाईल. हे टाळण्यासाठी निर्णय मुलाचा आणि पालकांचा असावा, मोजमाप भोंग्यावरून वाचून दाखवू नये. लहान चणीचं एखादं मूल खो-खोत मोठ्यांना पळवून दमवतं. त्याला वरच खेळायचं असेल तर खेळू द्यावं. मुलींच्या बाबतीत तर आणखी जपून वागावं. लवकर वयात आलेल्या मुलीकडे "हिचं वय जास्त आहे" म्हणून संशयाने पाहिलं जातं. शरीराच्या चर्चेचा चव्हाटा होता कामा नये.

पाचवा आक्षेप आमच्याच चळवळीतल्या साथींचा आहे. खालच्या गटाची सोय केली की शासन कुपोषणाच्या जबाबदारीतून सुटेल, असं ते म्हणतात. आम्ही उलटं म्हणतो. आज कुपोषित मूल स्पर्धेतून गुपचूप गळतं आणि त्याची कुठेच नोंद राहत नाही. मुभेचा नियम झाला तर प्रत्येक तालुक्यात दरवर्षी अशा मुलांची यादी तयार होईल. ती यादी आरोग्य विभागाकडे आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे गेलीच पाहिजे, आणि यादीतल्या प्रत्येक मुलाची रक्ततपासणी आणि आहार यांची सोय झाली पाहिजे. सवलतीचा कागद हाच शासनाविरुद्धचा पुरावा ठरेल.

जगात हे चालू आहे

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला शालेय रग्बीत वजनाचे गट फार पूर्वीपासून आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५ च्या सुमारास क्लबांच्या अकादमीतल्या मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून खेळवून पाहिलं. उशिरा वयात येणाऱ्या मुलांना तिथे पहिल्यांदा आपलं कसब दाखवता आलं, आणि लवकर वाढलेल्या मुलांना नुसत्या ताकदीवर न जिंकता डोकं चालवावं लागलं. बेल्जियमच्या फुटबॉल महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळा संघच ठेवला. ही श्रीमंत देशांची उदाहरणं आहेत. पोटभर जेवणाऱ्या मुलांसाठी त्यांना हा विचार सुचतो, तर अर्धपोटी मुलांच्या जिल्ह्याला तो आधी सुचायला हवा होता.

नेमकं काय करायचं?

यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांमध्ये जाऊन मुलांची तपासणी करतात. उंची-वजनाची नोंद तिथे होते. तीच नोंद ग्राह्य धरावी. ठरावीक उंचीच्या खालच्या मुलांना एक गट खाली खेळता यावं. मुभा एका वर्षापुरती असावी, दरवर्षी नव्याने मोजावं. उशिरा वाढणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. त्यांना तोवर मैदानावर टिकवणं एवढाच हेतू आहे. बालपणीच्या कुपोषणाने खुंटलेली मुलं मात्र पूर्ण भरून निघतीलच असं नाही, म्हणून मोठ्या वयात त्यांच्यासाठी जास्तीत जास्त खेळांत वजनगट हवेत. खालच्या गटात मिळवलेलं प्रमाणपत्र पूर्ण प्रमाणपत्र मानावं. जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांनी तालुकास्तरावर आणि आश्रमशाळांच्या स्पर्धांत प्रयोग म्हणून एक वर्ष हे करून पाहावं आणि अनुभव क्रीडा व युवक सेवा संचालनालयाला कळवावा.

शासन हलेपर्यंत आपण मात्र थांबू नये. १४ एप्रिलला गावोगाव भीमजयंतीच्या निमित्ताने, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंतीला आपलीच मंडळं कबड्डी, खो-खोचे सामने भरवतात. तिथे नियम आपल्या हातात आहेत. एक उंचीची पट्टी आणि एक वजनकाटा एवढंच साहित्य लागतं. पत्रकावर एक ओळ वाढवा : लहान चणीच्या मुलामुलींना एक गट खाली खेळता येईल. किती मुलांनी मुभा घेतली, त्यातली किती पुढच्या वर्षी परत आली, याची वही ठेवा. अशा दहा गावांच्या वह्या घेऊन आपण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभे राहू, तेव्हा आपल्याकडे नुसती तक्रार नसेल, आकडे असतील.

येत्या जयंतीची पत्रकं छापायला जाण्याआधी आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय ठेवा.

जय भीम. जय सेवा.